दुखरा हात आधी

"हात वर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने डावा हात वर केला.

"तो नाही. दुखतोय तो."

"तो वर जात असता तर मी इथे आलो कशाला असतो, बाई?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला आणि हळूहळू बाजूने उचलला. छातीपर्यंत आला तोवर ठीक होतं. खांद्याच्या वर नेला मात्र, त्याने ओठ दाबून मान भिंतीकडे फिरवली. भिंतीचा रंग चांगला होता, पण छताच्या कोपऱ्यात ब्रश नीट पोचलेला नव्हता. एवढ्या कळा येत असतानाही ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

सवयच तशी होती. हा माणूस छतं रंगवायचा. भिंती नाहीत, दारं नाहीत, खिडक्यांचे गज नाहीत. फक्त छतं. त्यामुळे लोक त्याला छतवालाच म्हणत आणि मूळ नाव बायकोलाही क्वचितच आठवायचं. कुणाच्याही घरी गेला की माणसांकडे बघण्याआधी वर बघायचा. यजमानाला वाटायचं, पाहुणा गर्विष्ठ दिसतो.

बाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा खांदा जवळ ओढला.

"खांदा म्हणजे एकच हाड नव्हे. हे गळ्याखालचं आडवं हाड. हे पाठीवरचं, फावड्यासारखं. आणि हा दंडाच्या हाडाचा गोळा. गोळा एका बशीला टेकलेला असतो, पण बशी उथळ. उथळ आहे म्हणून तर हात चहूकडे फिरतो. आता इथे बघा. पाठीवरच्या हाडाचं हे टोक पुढे येतं आणि गोळ्यावर छप्पर धरतं. छप्पर आणि गोळा यांच्यात बोटभरही जागा नाही. तेवढ्यातून हात उचलणारी दोरी जाते, स्नायूची."

"बरं."

"बहुतेकांचं छप्पर सपाट असतं. तुमचं टोकाला खाली वाकलंय, आकडीसारखं. हात वर गेला की ही आकडी दोरीला घासते."

"कधीकधी?"

"दर वेळी."

तो समोर लावलेल्या एक्स-रेच्या फोटोतल्या आकडीकडे बघत राहिला. एवढीशी होती. काचकागदाने घासली असती तर चहा निवेपर्यंत सपाट झाली असती.

"माझा हात दिवसभर वरच असतो, बाई."

"म्हणूनच दोरी विरलीय. सोनोग्राफीत तर एका जागी तुटलेली दिसतेय. ऑपरेशन करून आकडी तासता येईल, दोरी शिवता येईल, दुखणं कमी होईल. पण छताचं काम विसरा. यापुढे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही."

"मग काय, छत खाली आणू?"

या वेळी बाई जराशा हसल्या, पण लगेच कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. "घरात आणखी कुणाला असं होतं का? वडील, आजोबा? हाडाची ही ठेवण कधीकधी घराण्यातून येते."

"वडिलांना काही नव्हतं," तो म्हणाला. "त्यांनी हात वापरलाच कुठे?"

घरी आल्यावर त्याने फोटोचं पाकीट कपाटावर टाकायला हात उचलला, तो अर्ध्यावर अडला. मग पाकीट गादीखाली सरकवलं. दारातल्या खुर्चीवर बसून त्याचे वडील, आबा, हे सगळं बघत होते. आबांचा दिवस त्या खुर्चीवरच जायचा. येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करायची, सुनेने दिलेला चहा डाव्या हातात धरून फुंकत प्यायचा आणि आपला मुलगा आपल्याशी बोलत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याच्याकडे बघून अधूनमधून खाकरायचं.

बोलत नाही म्हणजे अगदी अबोला नव्हे. "जेवलात का?" "औषध घेतलं का?" एवढं होतं. बाकी त्याच्या मनात बापाबद्दल जे होतं, ते लहानपणापासून एकाच जागी साचलं होतं. ती जागा म्हणजे शाळेच्या दालनाचं छत.

आबाही छतंच रंगवायचे. तो दुसरी-तिसरीत असताना त्यांना शाळेच्या दालनाचं काम मिळालं होतं. मोठं काम, गावभर चर्चा. आणि आबांनी ते बिघडवून ठेवलं. छताच्या बरोबर मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक गडद रेघ राहिली. छत रंगवताना थांबायचं नसतं. रंगाची कड ओली असतानाच पुढचा फटकारा तिच्यात मिसळावा लागतो. कड सुकली की तिथे रंग दुहेरी बसतो आणि रेघ उमटते, ती मग छत घासून नव्याने रंगवल्याशिवाय जात नाही. आबा भर दुपारी दारू पिऊन परांचीवर चढले, अर्ध्यावर पडून राहिले आणि उरलेलं कसंतरी फासून खाली उतरले, असं सगळे सांगायचे. त्यानंतर आबांनी ब्रश हातात धरला नाही. आईने शिवणयंत्रावर घर ओढलं, आणि यंत्राची खडखड ऐकत आबा दारात बसून राहिले.

पोराला मात्र त्या रेघेखालीच रोज प्रार्थनेला उभं राहावं लागलं. मुलांनी त्याचं नाव 'रेघ्या' ठेवलं. बाकावर त्याच्या जागेपुढे खडूने रेघ ओढून ठेवायची, तो आला की एकदम वर बघायचं. एकदा तर वर्गशिक्षकही हसले. तेव्हाच त्याने ठरवलं की आपण मोठेपणी छतंच रंगवायची आणि एकाही छताला रेघ पडू द्यायची नाही. ते त्याने आजवर पाळलं होतं. रोलरने छताला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे येतात म्हणून तो अजून रुंद ब्रशच वापरायचा. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आता ठेकेदार होता. तो कामं घ्यायचा आणि त्याची माणसं भिंती करायची. पण आधी छत, मग भिंती, हा नियम असल्याने सगळी माणसं छतवाल्याचं काम संपायची वाट बघत बसायची. त्यात त्याला मोठा मान वाटायचा.

आणि आता शाळेचंच काम आलं होतं. भिंती दर काही वर्षांनी रंगायच्या. छताकडे कुणी बघितलं नव्हतं, आबांचा तैलरंग अजून तसाच होता, रेघेसकट. त्याची मुलगी आठवीत त्याच शाळेत होती. तिने आधीच वर्गात सांगून टाकलं होतं.

"बाबा, छत तुम्हीच करणार ना? नक्की?"

"मी नाही तर कोण करणार?"

"ती रेघ जाईल?"

"तिच्यासाठीच तर चाललोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने न्हाणीघरात कडी लावून सदरा घातला. हल्ली तो तसंच करायचा. उजवा हात आधी बाहीत घालायचा, बाही दंडापर्यंत ओढायची, मग सदरा पाठीमागून फिरवून डावा. आबाही खाटेवर बसून असाच सदरा घालायचे. लहानपणी तो आईला हसवायला त्यांची नक्कल करून दाखवायचा. आई कधी हसली नव्हती. आबांच्या खाटेजवळ कमरेएवढ्या उंचीवर एक खुंटी होती, आईनेच ठोकलेली. सदरा टांगायला हात वर करायचाही या माणसाला कंटाळा, असं त्याला ती खुंटी बघून कायम वाटायचं.

शाळेला सुट्टी होती. दालन रिकामं, बाकं एका कडेला रचलेली. परांचीवर चढून तो पाठीवर आडवा झाला आणि काचकागदाने जुना रंग घासायला लागला. आडवं पडून घासलं की खांदा कमी दुखतो, हे त्याने शोधून काढलं होतं. ज्या छताखाली तो मान खाली घालून उभा राहायचा, ते आज नाकापासून वीतभर अंतरावर होतं. रेघेपाशी पोचल्यावर तो थांबला. एवढ्या जवळून त्याने ती कधी पाहिलीच नव्हती.

ब्रश उचलताना केसांची शेवटी एक शेपटी उमटते. उजव्या हाताने रंगवणाऱ्याची शेपटी एका बाजूला वळते. खिडकीपासून रेघेपर्यंत सगळ्या शेपट्या तशाच होत्या, पण रेघेजवळ फटकारे आखूड होत गेले होते. अगदी शेवटी तर वीतभरसुद्धा नाहीत. आणि रेघेच्या पलीकडे सगळ्या शेपट्या उलट्या वळलेल्या होत्या.

त्याने दोनदा बघितलं. मग खाली उभ्या मेव्हण्याकडून परांची पुढे सरकवून घेतली आणि कोपऱ्यापर्यंत बघत गेला. पलीकडचं अर्धं छत कुणीतरी डाव्या हाताने रंगवलं होतं. फासलेलं नव्हतं. सुरुवातीला फटकारे वाकडे होते, मग हळूहळू सरळ होत गेले होते. शेवटच्या कोपऱ्यात तर ब्रश इतका नीट फिरला होता की त्याला स्वतःला डाव्या हाताने तसं जमलं नसतं. प्यायलेल्या माणसाचं हे काम नव्हतं. ज्याला कधी डाव्या हाताने ब्रश धरायची सवय नव्हती, अशा माणसाने अर्ध्या दालनात ती सवय करून घेतली होती. छतवाला बराच वेळ तसाच पडून राहिला. खालून मेव्हण्याने "भावजी, झोपलात की काय?" म्हणून विचारलं तेव्हा तो त्या कोपऱ्यावरून डावा तळहात फिरवत होता.

संध्याकाळी तो दारात आबांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसला. आबांनी चमकून पाहिलं. तिथे तो कधी बसत नसे.

"आबा, शाळेचं अर्धं छत डाव्या हाताने केलंय."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"फटकारे सरळ आहेत?" त्यांनी विचारलं.

"सरळ आहेत."

"कोपरा?"

"कोपरा तर फारच चांगला आहे."

"मग रेघच तेवढी राहिली," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा खूश होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी काम बघितलं होतं.

"सगळे म्हणायचे, पिऊन चढला."

"मीच सांगितलं तसं. ऐन मध्यात हात गेला. वर जाईचना. डाव्यात ब्रश घेईपर्यंत कड सुकली. ठेकेदार आला, वर बघून बोंबलला, 'हे काय करून ठेवलंस?' मी म्हटलं, 'जरा घेतली होती, साहेब.'"

"पण का?"

"अरे, दारुड्याला माणसं शिव्या देतात आणि पुढच्या कामाला परत बोलावतात. हात गेलेल्याला कुणी शिवीसुद्धा देत नाही."

"मग बोलावलं?"

"दोनदा. हात वर जात नाही, तर जाऊन काय करणार होतो? मग म्हटलं, सांगितलंच आहे तर पिऊन तरी बघू. निदान खोटं बोलल्यासारखं व्हायला नको." आबा एकटेच हसले. "ते तेवढं जमलं बघ मला."

छतवाल्याला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा रागही येत होता.

"मला का नाही सांगितलं?"

"तू एवढासा होतास. पोरांच्या पोटात काही राहतं का? आणि मोठा झालास तेव्हा तू माझ्याशी बोलतच नव्हतास."

"आईला?"

"तिला न सांगून कसं चाललं असतं? सदरा कोण घालत होतं मला?"

घरात बायको मुलीला काहीतरी रागावत होती. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आबांनी त्याच्या खांद्याकडे बोट केलं.

"तुझा कधीपासून?"

"काय?"

"सदरा घालायला कडी कशाला लागते रे? मी काय आंधळा आहे?"

आबांनी निवलेला चहा उचलला.

"मेव्हणा विचारेल तेव्हा काय सांगायचं ते ठरवून ठेव. मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं."

रंग लावायचा दिवस उजाडला. त्याने दुखण्याच्या दोन गोळ्या गिळल्या आणि खिडकीच्या बाजूने सुरुवात केली. तिथूनच करायची असते, म्हणजे फटकारे उजेडाच्या दिशेने पडतात. आबांनीही तिथूनच केली होती. मेव्हण्याची माणसं खाली पालथ्या बादल्यांवर बसून होती. पहिला पट्टा झाला, दुसरा झाला. खांद्यात निखारा ठेवल्यासारखं होत होतं, पण हात चालत होता. आपल्याला जमणार, असं त्याला मनापासून वाटायला लागलं. एकच गोष्ट त्याला सहन होत नव्हती. पुढे ते डाव्या हाताचं अर्धं छत येणार होतं, आणि बापाचा एकेक फटकारा आता त्याला आपल्याच हाताने बुजवायचा होता.

तिथवर तो पोचलाच नाही. रेघ परांचीच्या पुढच्या टोकावर आली होती, तेवढ्यात हात खाली आला. त्याने आणला नव्हता. दुखलंही नाही. वर जा म्हटलं, तर जागचा हलेना. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरून उचललं, ब्रश छताला टेकवला आणि सोडल्याबरोबर हात पुन्हा मांडीवर आदळला. मग त्याने ब्रश डाव्या हातात घेतला. पहिला फटकारा वाकडा गेला. दुसराही.

"भावजी, कड सुकतेय!" मेव्हणा खालून ओरडला.

"दिसतंय मला!"

"अहो, रेघ पडतेय तिथे! काय चाललंय काय?" मग तो हसत म्हणाला, "दुपारी घेतली-बितली नाही ना?"

बादल्यांवरची माणसंही हसली. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. त्याने फक्त 'हो' म्हणायचा अवकाश होता. मेव्हण्याने दोन शिव्या घातल्या असत्या, बहिणीपुढे थोडी आदळआपट केली असती आणि पुढच्या छताला परत बोलावलं असतं. आबांनी सांगितलेलं तंतोतंत खरं होतं. पण सुट्टी संपल्यावर याच छताखाली आठवीची एक मुलगी उभी राहणार होती. तिने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. आणि कुणीतरी तिला विचारणारच होतं की तुझे बाबा पिऊन चढले होते का गं?

"नाही," तो म्हणाला. "हात गेलाय."

"झोपला असेल. झटका जरा."

"झोपला नाही रे. गेला. आतली दोरी तुटलीय. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वर न्यायचा नाही म्हणून सांगितलंय."

हसणं थांबलं. कुणी शिवीही दिली नाही. मेव्हणा घाईघाईने पुढे आला आणि त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली.

"या. सावकाश या, भावजी."

आजवर त्याची शिडी कधी कुणी धरली नव्हती. तो वर असताना खालची माणसं विड्या ओढायची, भांडायची, डुलक्या काढायची. आता सगळे उभे राहून त्याच्या पायांकडे बघत होते. एकाने तर पुढे होऊन त्याच्या हातातला ब्रश अदबीने काढून घेतला. त्याला वाटलं, याने आपल्या मुस्कटात मारली असती तरी चाललं असतं.

मेव्हण्याने दुसऱ्या माणसाला रोलर देऊन वर पाठवलं. तो माणूस भराभर काम करणारा होता. दिवस मावळायच्या आत त्याने सगळं छत एकसारखं करून टाकलं. बापाची रेघ गेली, मुलाची ओली रेघ गेली, डाव्या हाताचा तो कोपराही गेला. छतावर सगळीकडे संत्र्याची साल उमटली. खालून ते कुणाला दिसणार नव्हतं.

"उद्यापासून तुम्ही खालीच बसा," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला. "रंग गाळून द्या, बादल्या भरून द्या. तुमच्यासारखी नजर कुणाची आहे?"

एरवी तो त्याच्याशी असं गोड कधी बोलत नसे.

घरी मुलगी दारातच उभी होती.

"झालं छत?"

"झालं."

"रेघ?"

"गेली."

ती आनंदाने आत पळाली. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, श्वास ओढून हुंगल्यासारखं केलं आणि मान हलवली. ती मान 'बरं केलंस' म्हणत होती की 'मूर्ख आहेस', हे त्याला कळलं नाही.

सकाळी तो नेहमीच्या वेळेला उठला. अंघोळ करून आला आणि सदरा घ्यायला आपल्या खुंटीकडे वळला. ती दाराच्या वर, उंच होती. सदरा तिथे नव्हता. आबांनी तो काढून आपल्या खाटेजवळच्या खालच्या खुंटीवर टांगून ठेवला होता.

"कुठे निघालास?" आबांनी विचारलं.

"रंग गाळायला."

आबा खाटेवरून उठले, डाव्या हाताने सदरा काढला आणि उजवी बाही तोंड उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने न्हाणीघराकडे पाहिलं, मग कडी लावायचा विचार सोडून आबांसमोर उभा राहिला.

"आधी दुखरा," आबा म्हणाले.

त्याने दुखरा हात बाहीत घातला. मग दोघांनी मिळून, दोन डाव्या हातांनी, बटणं लावायला घेतली. वेळ लागत होता. आबांनी वरून सुरुवात केली, त्याने खालून.